कलम ६४-अ घरच्यांना माहीत असायला हवं

"विकणारा आणि ओढणारा, दोघांनाही आत टाका, चोऱ्या आपोआप थांबतील" असं अमली पदार्थांबद्दल वर एकाने लिहिलंय. विकणाऱ्याबद्दल सहमत, ओढणाऱ्याबद्दल अजिबात नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातच कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणात (हेरॉइनसाठी मर्यादा ५ ग्रॅम) माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे मोकळीक नाहीच, अट आहे.

आमच्या चाळीतल्या एका मुलाच्या आईला हे कुणीच सांगितलं नाही. गर्दची (म्हणजे हलक्या हेरॉइनची) एक पुडी सापडली म्हणून तो चार महिने आत होता. सुटला आणि आठवडाभरातच वारला. आत असताना शरीराची सवय उतरलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास मंदावत बंद पडतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कुणाच्या घरी ही वेळ आली असेल तर पहिल्याच तारखेला त्या वकिलाला ६४-अ बद्दल विचारा.