ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) निघालाय, वय ५१. औषध, व्यायाम आणि फुगडीबद्दल सल्ला हवा

अबोली_फोंडा (२ जुलै)

नमस्कार सगळ्यांना. मी फोंड्याजवळ राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. मेच्या शेवटी, पाऊस अजून नीट लागलासुद्धा नव्हता, तुळशीला पाणी घालून परत फिरताना आंगणाच्या पायरीवर पाय सरकला आणि उजव्या हातावर पडले. पडले म्हणजे उभ्याची खाली आले एवढंच, कुठून उंचावरून नाही, तरी मनगटाचं हाड मोडलं. एका खाजगी हॉस्पिटलात प्लॅस्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांनी या म्हणाले, विषय संपला. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलंच कसं हे तिथे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. माझ्या वन्स नर्स होत्या, त्यांनी पाठ सोडली नाही म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केला. कंबरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.९, खुब्याचा उणे २.३, व्हिटॅमिन डी १४, म्हणजे कमी.

४३व्या वर्षी फायब्रॉइडसाठी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हाच दोन्ही अंडाशयंही काढली. त्यावेळी हाडांबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही. माझी आई शेवटची पाच-सहा वर्षं पार वाकून गेली होती, पदर नीट बसायचा नाही तिचा खांद्यावर, आम्ही म्हणायचो वय झालं. आता रात्री दिवा मालवला की तिची पाठच डोळ्यांसमोर येते.

रिपोर्ट आल्यापासून घरात सगळे मला काचेची असल्यासारखं जपतात. हे कळशी उचलू देत नाहीत, मुलगा स्कूटरला हात लावू देत नाही, शाळेतून आलं की मी सोप्यावर बसून असते. माया आहे त्यांची, कळतं, पण जीव गुदमरतो. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आलीय तोंडावर. आमच्या वाड्यावर बायकांचा फुगडीचा गट आहे, मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्यात आहे, श्रावण लागला की सराव सुरू होतो. यावर्षी मी नाही असं सांगायला गेले आणि सांगता न येताच परत आले.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत, आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. नेटवर वाचलं की जबड्याचं हाड खराब होतं, तेव्हापासून निर्णयच होत नाहीय. कोणी यातून गेलंय का? कृपया अनुभव सांगा.

सुरंगी (२ जुलै)

अबोलीताई, मी चार वर्षांपूर्वी याच जागी होते, तेव्हा ५३ची होते, मडगावला असते. आधी एक सांगते, तुमच्या वन्सांचे पाय धरा. पन्नाशीच्या आसपास साध्या पडण्याने मनगट मोडणं ही बहुतेक वेळा पहिली घंटा असते, ती ऐकली गेली नाही तर पुढचं हाड मणक्याचं नाहीतर खुब्याचं असतं. तुमची लवकर ऐकली गेलीय.

अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकदम बंद होतं, आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरून धरणारं तेच असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात वेगाने झिजतं. तुमची ती वर्षं ४३ लाच सुरू झाली, बाकीच्यांची पन्नाशीत होतात. म्हणजे तुमचं खाणं चुकलं, तुम्ही आळस केला असलं काही मनात आणू नका. तरी इतर कारणं आहेत का ते बघायला रक्त तपासून घ्या, कॅल्शियम, फॉस्फरस, थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनी, अल्कलाइन फॉस्फेटेज. माझ्यात थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होत होता असं निघालं, तोही हाड खातो, तो कमी केला.

मी आठवड्याची गोळी घेते, ॲलेंड्रोनेट ७० मिलीग्राम, दर रविवारी. उठल्या उठल्या उपाशीपोटी मोठा ग्लास भरून साध्या पाण्याबरोबर, चहा नाही, दूध नाही, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, काही खायचंही नाही. अन्ननलिकेत अडकली तर जाळते ती. मी गोळी घेते आणि परसातली फुलं काढत फिरते, माळ ओवून होईपर्यंत अर्धा तास होतो. ज्यांना ॲसिडिटी फार आहे किंवा गिळायला त्रास होतो त्यांना सलाईनवालं बरं पडतं.

जबड्याची भीती मलाही होती. ते होतं, पण फार क्वचित, आणि जास्त करून कॅन्सरच्या पेशंटना हीच औषधं मोठ्या डोसमध्ये वारंवार देतात त्यांच्यात. दात काढायचा असेल, कसलं मोठं काम राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या आणि डेंटिस्टला औषधाचं नाव सांगून ठेवा. मी दोन दात काढून घेतले, जखम भरू दिली, मग सुरू केलं. काही वर्षं घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखायला लागलं तर मात्र अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

कुळागर (३ जुलै)

ताई, घाबरू नका हो. औषधांच्या मागे लागण्यापेक्षा नाचण्याचं तिझान (लापशी) रोज घ्या, पालक खा, तीळ खा, सकाळी सातचं कोवळं ऊन घ्या. आमच्या आजीने जन्मात गोळी घेतली नाही, नव्वदीत विहिरीचं पाणी ओढायची.

फिजिओ_म्हापसा (३ जुलै)

कुळागर, तिझान आणि तीळ अगदी बरोबर, तेवढं जरूर करा. नाचण्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलीग्राम कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्या धान्यात एवढं नाही. पण पालकात ऑक्झलेट इतकं असतं की त्यातलं कॅल्शियम अंगाला फारसं लागत नाही. आणि सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण नसल्यात जमा असतात, त्याला दहा-अकरा ते दोनच्या मधलं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून, जे गोव्यात जून ते सप्टेंबर ढगांमुळे मिळत नाही आणि एरवी शाळेत वर्गात उभं राहून मिळत नाही. १४ डी खाण्याने आणि उन्हाने भरून यायला फार वेळ लागेल, डॉक्टर आठवड्याला ६०,००० युनिटचं सॅशे देतात ते त्यांनी सांगितलेले आठवडेच घ्यायचं, मनाने वाढवायचं नाही. आजींच्या हाडाला आयुष्यभर विहिरीचा रहाट होता, मातीचं काम होतं, चढउतार होती. तो भारच हाडाला खायला घालत असतो. पण एकदा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली गेला आणि वर हाडही मोडलेलं असलं की नुसत्या आहारावर सोडणं धोक्याचं आहे, हे मी रोज पेशंट बघते म्हणून कळकळीने सांगते.

अबोलीताई, आता तुमच्याबद्दल. बसून राहणं थांबवा. बसलेल्या माणसाचं हाडही जातं आणि स्नायूही जातो, आणि स्नायू गेला की तोल जातो. पण सुरू करण्याआधी पाठीचा बाजूने घेतलेला एक्स-रे काढून घ्या. मणका दबलेला असला तरी पुष्कळदा दुखत नाही, कळतच नाही. तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटिमीटर कमी झालीय का तेही भिंतीला टेकून मोजा.

एक्स-रे स्वच्छ निघाला तर: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहणं, ओटा हाताशी ठेवून. भिंतीला हात लावून पुशअप, मनगट भरल्यावर. मग हळूहळू वजनं, हे कोणाकडून तरी समोर उभं राहून शिका. चालणं चांगलं पण नुसत्या चालण्याने मणक्याचं हाड फारसं सुधारत नाही. पोहणं सांध्यांना छान, हाडाला त्याचा भार नाही. काय करायचं नाही ते पण लिहून ठेवा: कंबरेतून गोल वाकून काही उचलणं, वाकलेलं असताना पिळणं, पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठीच्या उठाबशा. कळशी उचलायची तर पाठ सरळ, गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून, आणि अर्धीच भरून.

फुगडी सोडू नका असंच मी म्हणेन, पण बदला. गोल करून उभ्याने, टाळ्या वाजवत, पावलं टाकत जी असते ती करा, ताल आणि पाय दोन्हीला चांगली आहे. कंबरेत खाली वाकून जी घालतात ती नको. दोघींनी हात धरून गरगर फिरण्याची तर अजिबात नको, हात सुटला की संपलं, त्यात तुमचं मनगट ताजं. बसून उड्या मारायची पण नको.

मांडवीकाठ (४ जुलै)

धाग्यात मधेच विचारतोय, माफ करा. मी पुरुष, ५६. दम्यासाठी बरीच वर्षं मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतोय. हे बायकांचंच दुखणं समजत होतो. परवा एका शिबिरात टाचेवर मशीन लावून हाडं कमजोर म्हणाले आणि तिथेच कॅल्शियमचा डबा विकत दिला.

सुरंगी (४ जुलै)

दादा, पुरुषांनाही होतं आणि स्टेरॉइड हे त्याचं मोठं कारण आहे. टाचेच्या मशीनवरून निदान करत नाहीत, फार तर पुढे तपासा एवढाच इशारा. खुबा आणि कंबरेचा डेक्सा करून घ्या. आणि स्टेरॉइडची गोळी एकदम मनाने बंद करू नका, ते वेगळंच संकट होईल, तुमच्या डॉक्टरना विचारा.

अबोली_फोंडा (५ जुलै)

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि ह्यांनाही वाचायला दिलं. मी भिंतीला टेकून उंची मोजली, ओळखपत्रावर लिहिलेल्यापेक्षा दीड सेंटिमीटर कमी. एक्स-रे उद्या. खाण्याचं अजून विचारायचं होतं, आमच्याकडे दूध चहापुरतंच, सगळं माशावर, आणि आता ३१ जुलैपर्यंत पावसाळी मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद, म्हणजे सुकी मासळीच. कॅल्शियमची गोळी किती घ्यायची?

सुरंगी (५ जुलै)

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्राम हवं, पण ते खाण्यातलं धरून. आधी खाण्यातलं मोजा, उरलेलंच गोळीने. एक ग्लास दूध किंवा मोठी वाटी दही म्हणजे साधारण अडीचशे, एक तिझान, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) केलं तर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सालासकट पोटात जातात, तारले मासे मऊ शिजवून काट्यासकट खाता येतात. सुक्याला मीठ फार असतं आणि मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जातं, म्हणून धुऊन, भिजवून, पाणी टाकून मग करा. गोळी एका वेळी ५०० च्या वर नको, कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हीत चार तास ठेवा.

आणि ती पायरी! तिचं काय केलंत? चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं ते दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढायला लावा मुलाला, एका बाजूने लोखंडी कठडा बसवून घ्या. न्हाणीत धरायला दांडा, रात्री उठताना लागेल असा बारका दिवा, आणि तळ गुळगुळीत झालेल्या रबरी चपला आजच टाकून द्या. तुम्हाला सोप्यावर बसवून ठेवण्यापेक्षा घरच्यांची काळजी या कामाला लागू दे.

अबोली_फोंडा (२१ सप्टेंबर)

खूप दिवसांनी लिहितेय, पण सांगायचं राहिलं असं वाटायला नको. एक्स-रेत मणका दबलेला नाही. रक्तात बाकी काही निघालं नाही. दुसऱ्या मतासाठी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवून आले, त्यांनीही औषध घ्याच म्हणून सांगितलं. मला ॲसिडिटी आहे म्हणून सलाईनवालं झोलेड्रोनिक ॲसिड ठरलं, पण आधी डी भरून काढलं आणि किडनी तपासली, कारण डी कमी असताना ते दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जातं असं सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी घेतलं. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायले. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण त्या रात्री १०१ ताप आला आणि अंग असं ठणकलं की कूस बदलवेना. पॅरासिटामॉल घेतली, तिसऱ्या दिवशी उठून पेज खाल्ली आणि बरी झाले. कोणी घेणार असेल तर दोन दिवस रजा टाकूनच घ्या. पहिल्या वेळी जास्त होतं, पुढच्या वर्षी एवढं होत नाही म्हणाले.

सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचंही, डेनोसुमॅबचं, विचारलं होतं. ते चांगलं आहे पण एकदा सुरू केलं की तारीख चुकवायची नाही आणि मनाने सोडायचं नाही, सोडलं की हाड झपाट्याने झिजून मणके मोडू शकतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. इथे लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल.

चवथीला यंदा माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला स्टुलावर मी चढले नाही. खाली उभी राहून नारळ, तोरिंजणं, सुपारीचे घोस एकेक करून मुलाच्या हातात देत होते आणि कुठे काय बांधायचं ते सांगत होते. दुसऱ्या रात्री फुगडी. गटातल्या बायकांना आधीच सगळं सांगितलं होतं, कोणी हसली नाही, उलट मुख्य गाणं सांगायचं काम माझ्याकडे दिलं. गोलात उभी राहून पहिली दोन गाणी घातली. टाळी वाजवताना मनगटात कळ यायची म्हणून मी डावा हात मांडीवर मारून ताल धरला, तर शेजारच्या दोघीही बघून तसाच धरायला लागल्या. खाली वाकायची आली तेव्हा बाहेर आले आणि गात राहिले. त्यातली एक माझ्याच वयाची आहे, तिची पाळी ४४ला गेली, तिची आई खुबा मोडून गेली. ती सोमवारी माझ्याबरोबर डेक्साला येतेय.

फिजिओताई, एक विचारायचं होतं. एका पायावर उभं राहणं डाव्या पायावर ३० सेकंद जमतं, उजव्यावर मात्र ११ला पाय टेकतोच. असं असतं का?

फिजिओ_म्हापसा (२१ सप्टेंबर)

असतं. उजव्यापासून सुरू करा, डाव्याला दोन वेळा तर उजव्याला चार वेळा. ओटा धरूनच, आणि पायात चप्पल नको.