चिनी बोलणाऱ्यांना इंग्रजीतलं 'पे' कसं शिकवायचं? डोकं चालेनासं झालंय

फळा_आणि_खडू:

नमस्कार मंडळी. मी मोठ्या माणसांना ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवते. सध्याच्या बॅचमधले सगळेच चिनी बोलणारे आहेत, दोघी चेंगदूच्या, एक तैपेईचा आणि एक शेनझेनचा जो आता मँचेस्टरला शिकायला चाललाय. माझं स्वतःचं चिनी म्हणजे कानावर पडून जमलेलं, वाचता अजिबात येत नाही. गेल्या आठवड्यात पैसे देण्याघेण्याचा धडा काढला, वाटलं अर्ध्या तासात उरकेल, तीन तास गेले तरी गाडी तिथेच.

चुका कशा होतात बघा. "आय पेड द डिनर" म्हणाले, मी सांगितलं की "पेड फॉर द डिनर" म्हणा, की लगेच पुढचं वाक्य "आय पेड फॉर द बिल", त्याच्या पुढचं "आय पेड फॉर माय रेंट". मग "धिस बॅग, आय कॉस्ट टू हंड्रेड". मग "कॅन यू बॉरो मी फिफ्टी?" एकेक चूक दुरुस्त करता येते हो, पण "का?" विचारलं की माझी दांडी उडते, कारण मला ते नुसतं कानाला बरोबर वाटतं.

आणि शेनझेनवाल्याने एक किस्सा सांगितला त्याचं काय उत्तर द्यावं तेच कळेना. ऑफिसात इंग्लंडहून पाहुणे आले होते, हा त्यांना म्हणाला "टुनाइट आय इनव्हाइट यू", जेवण झालं, बिल आलं आणि चौघांनी आपापली कार्डं काढून टेबलावर ठेवली. त्याला इतकं लागलं म्हणे ते, की मी बोलावलं तरी हे पैसे काढतात म्हणजे माझी ऐपत काढतात का. मी म्हटलं नाही रे तसं नसतं, पण मग कसं असतं ते मला नीट सांगता आलं नाही.

तर दोन गोष्टी हव्यात. पे, पे फॉर, कॉस्ट, बॉरो यांना काही नियम आहे का, आणि इंग्रजी बोलणारे लोक खरोखर टेबलावर, काउंटरवर काय बोलतात? पुस्तकातलं नको, ते माझ्याकडे ढीगभर आहे.

कर्ता_कर्म_क्रियापद:

ताई, नियम आहे आणि मराठी माणसाच्या तर तो खिशातच असतो. ज्या गोष्टीला आपण "भरलं" म्हणतो ती पे ला थेट चिकटते. बिल भरलं, भाडं भरलं, फी भरली, दंड भरला, कर भरला, हप्ता भरला, हे सगळं पे द बिल, पे द रेंट, पे द फाइन. आणि जिथे आपण "चे पैसे दिले" म्हणतो, जेवणाचे पैसे, तिकिटाचे पैसे, टॅक्सीचे पैसे, तिथे फॉर लागतो. म्हणजे जे देणं आहे ते थेट, आणि त्या पैशाच्या बदल्यात जे हातात किंवा पोटात आलं ते फॉर लावून. माणूस आणि रक्कम दोन्ही पुन्हा थेट, "आय पेड हिम ट्वेंटी पाउंड्स फॉर द बाइक" या एका वाक्यात तिन्ही बसतात, हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा आणि सायकल काढून दुसरं काहीबाही घालायला लावा.

ही चूक त्यांची का होते तेही बघा. चिनीत पैसे देण्याला फू हे क्रियापद आहे, आणि जेवणाचे पैसे म्हणायला ते "फान-छ्यान" म्हणतात, म्हणजे जेवण-पैसे असा एकच शब्द. फू च्या पुढे पैसा आहेच तिथे. इंग्रजीत आणताना तो पैसा गळून पडतो आणि नुसतं जेवण उरतं, म्हणून "पे द डिनर". त्यांना हे एकदा दाखवून द्या, मग फॉर पाठ करायला लागत नाही, जिथे पैसा गळला तिथे फॉर आला इतकंच.

कॉस्ट चं गणित आणखी सोपं. आपण "ती पिशवी मला दोनशेला पडली" म्हणतो ना, पडते ती पिशवी, मी नाही पडत. कॉस्ट म्हणजे पडणे. स्पेंड म्हणजे खर्च करणे, ते माणूस करतो. चिनीत हुआ या एकाच शब्दावर दोन्ही भागतं, मी दोनशे हुआ केले आणि याला माझे दोनशे हुआ झाले, दोन्ही चालतं, म्हणून गोंधळ. तसंच अफोर्ड. चिनीत "माय-पू-छी" म्हणजे विकत घेणं झेपत नाही, ते विद्यार्थी नुसतं "आय कान्ट बाय इट" म्हणून टाकतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं दुकान बंद आहे की काय. परवडत नाही हा अर्थ त्यात येतच नाही.

आता बॉरो. यात बिचाऱ्यांची काही चूक नाही, चिनीत च्ये हा शब्द घेणं आणि देणं दोन्हीला आहे, दिशा मागच्यापुढच्या शब्दांवरून कळते. आपल्या "उसने" सारखं समजा, उसने घेतले की बॉरो, उसने दिले की लेंड. परत करणं म्हणजे पे बॅक, सगळं फेडून मोकळं होणं म्हणजे पे ऑफ. पे अप मात्र जपून शिकवा, ते दारात उभा राहिलेला वसुलीवाला बोलतो तसं वाटतं, मित्राला पे अप म्हटलं तर एकतर चेष्टा नाहीतर भांडण.

शांघाय_रिटर्न:

मी शांघायला सात वर्षं काढली नोकरीनिमित्त, तेव्हा किस्स्याचं मी बोलतो, व्याकरणाचं वर दादांनी केलंच आहे.

त्या मुलाची अडचण छिंग या शब्दात आहे. चिनीत छिंग म्हणजे बोलावणं, छिंग म्हणजे कृपया, आणि "वो छिंग नी" म्हटलं की आमंत्रणही मी देतो आणि पैसेही मीच देणार हे एकदमच ठरलं, त्यावर चर्चा नाही. इंग्रजीतल्या इनव्हाइट मध्ये पैसा नसतो. "शाल वी गेट डिनर?" म्हणणारा माणूस फक्त सोबत मागतोय, बिल येईल तेव्हा बघू. म्हणून त्या पाहुण्यांनी कार्डं काढली, त्यांच्या डोक्यात ती सभ्यता होती, फुकट जेवायला आलो असं वाटू नये म्हणून. त्यामुळे खर्च आपण करणार असू तर ते वेगळं सांगावं लागतं आणि शक्यतो आधी सांगावं लागतं, "डिनर्स ऑन मी" किंवा "माय ट्रीट". आपण "आज माझ्याकडून" म्हणतो तसंच.

गंमत बघा की टेबलावर पे हा शब्द जवळजवळ कोणी उच्चारतच नाही. "आय विल पे" व्याकरणात चोख आहे पण थोडं कोरडं लागतं, जरा रागावल्यासारखंही लागू शकतं. लोक म्हणतात "आय हॅव गॉट धिस", "लेट मी गेट धिस वन", "आय विल गेट धिस". गेट म्हणजे मिळणे असं शिकलेल्या विद्यार्थ्याला वाटतं की याला काहीतरी मिळालं, आणि तो अभिनंदन करायच्या बेतात असतो. हे गेट म्हणजे "हे मी बघतो" मधलं बघणं आहे.

एक सावधान. "इट्स ऑन मी" शिकवलं की पोरं आपणहून "इट्स ऑन यू" बनवतात, तू खाऊ घाल अशा अर्थाने. त्याचा अर्थ होतो की याची जबाबदारी तुझी, बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. चांगल्या जेवणानंतर हे ऐकायला विचित्र वाटतं.

बिलावरून ओढाताण तिकडे जबरदस्त चालते, वेटरला आधीच बाजूला गाठून पैसे देऊन यायचे, मी स्वतः शौचालयाला जातो सांगून दोनदा केलंय. इंग्रजी बोलणाऱ्यांत एकदा "आर यू शुअर?" आणि एकदा "आय इन्सिस्ट" झालं की पुढचा "थँक्स, आय विल गेट द नेक्स्ट वन" म्हणून मोकळा होतो. त्यानंतरही ताणलं तर समोरचा अवघडतो. तुमच्या विद्यार्थ्यांना हे "थँक्स" फार लवकर आल्यासारखं वाटेल, तो कंजूष नाहीये हे सांगून ठेवा.

आणि टीटीएमएम, तू तुझे मी माझे. चिनीत त्याला एए म्हणतात, अक्षरं रोमन, म्हणून सगळ्यांना वाटतं हा इंग्रजी शब्द आहे. नाहीये. इंग्रजी माणसाला "लेट्स एए" म्हटलं तर त्याला एकतर बॅटरीचे सेल आठवतील नाहीतर दारू सोडवणाऱ्यांची अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस. "लेट्स स्प्लिट इट" म्हणायचं. गो डच पुस्तकात असतं, समजतं सगळ्यांना, पण स्प्लिट जास्त ऐकू येतं.

गल्ल्यावरची:

मी लीड्समध्ये एका कॅफेच्या काउंटरवर तीन वर्षं उभी होते, चिनी विद्यार्थी भरपूर यायचे, त्यामुळे दुसरी बाजू सांगते.

पहिलं म्हणजे "हाउ मच मनी?" चिनीत "त्वो-शाओ छ्यान" म्हणजे किती पैसे, ते जसंच्या तसं येतं. चूक काही नाही, पण इथले लोक मनी शब्द गाळतात, "हाउ मच इज दॅट?" नाहीतर "व्हॉट डू आय ओ यू?" हे दुसरं म्हणजे आपलं "किती झाले?" पण ओ चा अर्थ कर्ज असा शिकलेल्या एका मुलीने मला विचारलं होतं की तुमच्याकडे गिऱ्हाईक स्वतःला कर्जदार का म्हणवतं. काय सांगणार!

दुसरं, कार्ड. चिनीत श्वा-खा म्हणजे कार्ड घासणे, म्हणून ते "कॅन आय स्वाइप?" विचारतात. ब्रिटनमध्ये चिप आणि पिन 2006 पासून पक्कं झालं, घासणं तेव्हाच मागे पडलं, आता मशीनवर टेकवतात आणि त्याला टॅप म्हणतात. आम्ही म्हणायचो "कॅश ऑर कार्ड?" आणि मग "जस्ट पॉप इट ऑन देअर", म्हणजे तिथे टेकवा. पॉप हा शब्द त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नसतो आणि ब्रिटनमध्ये दर दुसऱ्या वाक्यात असतो. क्यूआर ची सवय असलेले "आय स्कॅन यू ऑर यू स्कॅन मी?" असंही विचारतात, तिकडे ते रोजचं वाक्य आहे, इथे मात्र माणसाला स्कॅन करायला विमानतळ लागतो. बाय कार्ड, इन कॅश, ही प्रिपोझिशन्स पाठच करायला लावा, त्यात लॉजिक शोधू नका.

मँचेस्टरला चाललाय त्याला बिल म्हणायला सांगा, चेक नको. अमेरिकेत हॉटेलात चेक मागतात आणि बिल म्हणजे नोट, ट्वेंटी डॉलर बिल. ब्रिटनमध्ये बिल म्हणजे बिल आणि नोट म्हणजे नोट. क्विड म्हणजे पाउंड, त्याला अनेकवचनाचा एस नाही, फाइव्ह क्विड. चिनीत युआनला बोलताना क्वाइ म्हणतात, तसाच घरगुती शब्द आहे, अमेरिकेत त्याच जागी बक्स, त्याला मात्र एस लागतो.

पबमध्ये राउंड असतो. एकाने सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्याने, कोणी हिशोब लिहीत नाही पण सगळ्यांच्या लक्षात असतो. आपला राउंड यायच्या आत घरी जाणारा माणूस कायमचा नजरेत भरतो. "माय राउंड" किंवा "हूज राउंड इज इट?" एवढं आलं तरी पुरे. ऑस्ट्रेलियात यालाच "माय शाउट" म्हणतात, ओरडण्याशी संबंध नाही. मित्राचे पैसे नंतर द्यायचे तर "आय विल ट्रान्सफर इट टू यू", अमेरिकेत व्हेन्मो या अॅपचंच क्रियापद झालंय, "व्हेन्मो मी" म्हणतात, पण ते अॅप ब्रिटनमध्ये चालत नाही, तेव्हा तिथे बोलून उपयोग नाही.

फळा_आणि_खडू:

अरे देवा, हे भरलं आणि चे पैसे दिले मला आधी का नाही सुचलं, आजच्या तासाला वापरलं आणि चेंगदूच्या दोघी वीसपैकी अठरा बरोबर! इनव्हाइट चं वाचून दाखवलं शेनझेनवाल्याला, तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, म्हणजे ते मला मान देत होते. टिप बद्दल कोणी सांगेल का? तैपेईवाला अमेरिकेला जाऊन आलाय आणि त्या विषयावर अजून चिडलेला आहे.

हिशोबनीस:

चिडणारच, चीनमध्ये काय आणि तैवानमध्ये काय, टिप द्यायची पद्धत नाही. अमेरिकेत बसून जेवलं तर 15 ते 20 टक्के धरूनच चालायचं. कारण त्याला सांगा म्हणजे राग जाईल, टिप मिळवणाऱ्यांची केंद्रीय किमान मजुरी 1991 पासून तासाला 2.13 डॉलर आहे, बऱ्याच राज्यांत जास्त आहे पण सगळीकडे नाही, म्हणजे पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. ब्रिटनमध्ये बिलावर सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असू शकतो, लंडनमध्ये बऱ्याचदा 12.5 टक्के, म्हणून "इज सर्व्हिस इन्क्लुडेड?" हे वाक्य शिकवा, नाहीतर दोनदा देऊन येतील.

आणि सवलतीचं विसरू नका, तिथे खरे पैसे जातात. चिनीत पाटीवर "पा-ज" असेल तर त्याचा अर्थ किमतीच्या दहापैकी आठ हिस्से द्या, म्हणजे इंग्रजीत 20 टक्के ऑफ. इंग्रजी सुटलेली रक्कम सांगतं, चिनी द्यायची रक्कम सांगतं. घाईत उलटं होतं.

बोलायच्या आकड्यांतही मेख आहे. "ट्वेल्व्ह फिफ्टी" म्हणजे कॉफी-सँडविचच्या दुकानात साडेबारा आणि लॅपटॉपच्या दुकानात साडेबाराशे, वस्तू बघून ओळखायचं. चिनीत "यी-पाय-अर", शब्दशः एकशे-दोन, म्हणजे 120 होतात, 102 नाही. आणि 250 हा आकडा चिनीत मूर्ख माणसाला वापरतात, त्यामुळे उदाहरणात "टू फिफ्टी" घेऊ नका, वर्गात हसाहशी होईल आणि तुम्हाला कळणार नाही का.

फळा_आणि_खडू:

पहिल्याच तासाला पिशवीची किंमत 250 लिहिली होती मी. आत्ता कळलं.