शब्दचर्चा: संशोधन 'राबवतात' का?

प्रश्न : आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत करतोय. मसुद्यात वाक्य आहे : 'गडचिरोलीतील संशोधन देशभर राबवण्यात आले.' वाचताना खटकतं. 'राबवण्या'ऐवजी 'अंमलबजावणी' हवी का? आणि 'स्केल-अप'ला, म्हणजे छोट्या भागात केलेलं काम मोठ्या भागात नेण्याला, काय लिहावं?

प्रतिसाद १ : अंमलबजावणी होते ती कायद्याची, आदेशाची, निर्णयाची. समन्स 'बजावतात' तोच हा बजावणे. मागे कुणाचा तरी अधिकार असतो. राबवणे हे राबणे या क्रियापदाचं प्रयोजक रूप. मोहीम राबवतात, योजना राबवतात, म्हणजे त्यासाठी माणसं कामाला लागतात. संशोधन या दोन्हींत बसत नाही. संशोधनातून निष्कर्ष निघतो, निष्कर्षावरून शिफारस होते, शिफारस मान्य झाली तर शासन निर्णय किंवा मार्गदर्शक सूचना निघतात. अंमलबजावणी या सूचनांची. राबवला जातो तो कार्यक्रम. तुमच्या वाक्यात मधल्या सगळ्या पायऱ्या गळल्यात, म्हणून ते खटकतं.

प्रतिसाद २ : वरच्याशी सहमत, पण तुमच्या वाक्यात आणखी एक अडचण आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. ३९ गावांत गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं : बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं. जंतुदोष दिसला आणि आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर ती घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत असे. त्या गावांतला नवजात मृत्युदर (जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावणारी बाळं) हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, तिसऱ्या वर्षी तो २५च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध छापून आला.

केंद्र सरकारने आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर घेतला तो २०११ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आणि घेतला तो जसाच्या तसा नाही. आशा घरभेटीत बाळ तपासते, आईला स्तनपानाचं आणि उबेचं सांगते, धोक्याची लक्षणं दिसली की दवाखान्यात पाठवते; इंजेक्शन देणं तिच्या कामात नाही. ज्या गावाजवळ दवाखाना नाही, तिथे हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून 'संशोधन राबवलं' लिहिलं की वाचणाऱ्या आशेला वाटणार, गडचिरोलीत झालं तेच मी करते आहे. तिची अशी दिशाभूल होता कामा नये. 'संशोधनाच्या आधारे कार्यक्रम आखण्यात आला' असं लिहा, आणि काय वगळलं तेही पुढच्याच वाक्यात सांगा.

प्रतिसाद १ : हे मान्य. अशा बदलासाठी 'मुरड घालणे' चांगलं आहे : 'मूळ पद्धतीला मुरड घालून कार्यक्रम आखला.' 'अनुकूलन' पुस्तिकेत नकोच.

प्रतिसाद ३ : 'स्केल-अप'साठी सरकारी कागदांत 'व्याप्ती वाढवणे' दिसतं, तेच ठेवा. 'प्रमाणवृद्धी' वगैरे कुणी बोलत नाही. फक्त, व्याप्ती गावांची वाढते आणि कामाचीही वाढते. तालुक्यावरून जिल्ह्यावर जायचं असेल तर 'विस्तार' जास्त स्पष्ट. पहिल्या टप्प्यासाठी 'प्रायोगिक तत्त्वावर' सगळ्यांना कळतं.

प्रश्नकर्ता : आभार. वाक्य असं केलंय : 'गडचिरोलीतील प्रयोगाच्या आधारे, त्याला मुरड घालून, केंद्र सरकारने २०११ साली आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर सुरू केला. मूळ प्रयोगातील इंजेक्शनचा भाग यात नाही.' आता एकच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशा घरी जाते, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. याला 'गृहभेट' लिहू की 'घरभेट'?

प्रतिसाद ३ : आशेच्या नोंदीच्या छापील तक्त्यात 'गृहभेट' असेल तर रकान्याचं नाव तेच राहू द्या, नाहीतर नोंद करताना गोंधळ होईल. मजकुरात 'घरी भेट' लिहा.