सीसीआयई लॅब: वर्कबुक चार वेळा सोडवूनही नापास, आता तयारी कशी बदलावी?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. मी मिहानमधील एका कंपनीत सात वर्षांपासून नेटवर्कचे काम करतो. गेल्या महिन्यात बेंगळुरूला जाऊन सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या सिस्कोच्या तज्ज्ञ-स्तरीय नेटवर्क प्रमाणपत्राची आठ तासांची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, दिली आणि नापास झालो. तीन तासांचा डिझाइनचा विभाग बरा गेला होता. परंतु प्रत्यक्ष जोडणी आणि दुरुस्तीचा पाच तासांचा विभाग मला अखेरपर्यंत आवरला नाही.

तयारीत मी कसूर केली नव्हती. वर्षभर पहाटे साडेचारला उठून ईव्ह-एनजीवर (संगणकावर आभासी राउटर जोडून सरावाचे नेटवर्क, म्हणजे घरची लॅब, उभारण्याचे साधन) सराव केला आणि एका शिकवणीचे वर्कबुक चार वेळा सोडवले. चौथ्या खेपेस ते साडेतीन तासांत संपले, म्हणूनच तारीख घेतली होती. परीक्षेतील प्रश्न सांगण्यास मनाई आहे, तेव्हा घरच्या सरावातला एक प्रसंग सांगतो. दोन राउटरांमध्ये ओएसपीएफचे (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीचे) नाते ‘फुल’, म्हणजे पूर्ण जुळलेले, दिसत होते, तरी पलीकडचे मार्ग राउटिंग टेबलात (राउटरच्या मार्गांच्या यादीत) येत नव्हते. मी प्रोसेस दोनदा नव्याने सुरू केली, दोघांमधली जोडणी नव्याने करून पाहिली, आणि पाऊण तासाने नाद सोडला. ३५०-४०१ या पात्रता परीक्षेची तीन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. पुन्हा तेच वर्कबुक घ्यावे की मार्गच बदलावा?

उत्तर १ (धरमपेठ)

मी तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो, त्यामुळे आपली मनःस्थिती मला चांगली कळते. आधी आपला प्रसंग पाहू. एका टोकाला नेटवर्क टाइप (लिंकचा प्रकार ठरवणारी सेटिंग) पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे दोनच राउटरांची थेट लिंक, आणि दुसऱ्या टोकाला इथरनेटचा मूळचा ब्रॉडकास्ट, म्हणजे अनेकांची सामायिक लिंक, असा राहिला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. दोन्ही प्रकारांत हॅलो (शेजाऱ्याला संदेश पाठवण्याचा अवधी) १० सेकंदांचा आणि डेड (संदेश न आल्यास शेजारी बंद मानण्याचा अवधी) ४० सेकंदांचा असतो, म्हणून शेजार जुळतो आणि ‘फुल’पर्यंत जातो. परंतु एक राउटर आपल्या एलएसएमध्ये (स्वतःच्या लिंकांचे वर्णन करणाऱ्या नोंदीत) ती लिंक थेट शेजाऱ्याशी जोडलेली म्हणून मांडतो, तर दुसरा तीच लिंक डीआरमार्फत (सामायिक लिंकवरील प्रमुख राउटरमार्फत) जोडलेली म्हणून मांडतो. दोन्ही वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा एसपीएफच्या (सर्वांत जवळचा मार्ग काढण्याच्या) गणितात त्या दोघांमध्ये रस्ताच तयार होत नाही. अशा वेळी शेजाऱ्यांची यादी पुन्हा पुन्हा पाहण्याऐवजी ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ ही कमांड द्यावी. तेथे एलएसए पाठवणारा राउटर ‘नॉट रीचेबल’ असल्याची ओळ स्पष्ट दिसते.

हे आपल्याला दिसले नाही, कारण वर्कबुकात बिघाड कोठे आहे हे चौथ्या खेपेपर्यंत पाठ झालेले असते. माझेही पहिल्या दोन प्रयत्नांत हेच झाले. नंतर मी एका सहकाऱ्याला दर रविवारी घरी बोलावू लागलो. मी चहा करायला आत जायचो, तेवढ्यात तो चालू लॅबमध्ये पाच बिघाड घालून ठेवायचा आणि कोठे घातले ते मुळीच सांगायचा नाही. कमांड देण्यापूर्वी तिचे उत्तर काय येईल हे मी वहीत लिहून ठेवत असे. सुरुवातीला माझे निम्म्याहून अधिक अंदाज चुकत. त्या चुकलेल्या ओळींनी मला जितके शिकवले, तितके कोणत्याही शिकवणीने शिकवले नाही.

उत्तर २ (काटोल रोड)

दादांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. माझी अडचण मात्र वेगळी होती: मी पहिला प्रश्न वाचताच टंकायला घ्यायचे आणि स्टॅटिक (हाताने लिहिलेले) मार्ग वापरू नयेत ही अट दोन पाने पुढे निघायची. दुसऱ्या प्रयत्नात मी पहिली पंचवीस मिनिटे कीबोर्डला हात लावला नाही; सगळे प्रश्न वाचले आणि कोणते काम कशावर अवलंबून आहे ते कागदावर मांडले. डिझाइनच्या विभागात मागे फिरता येत नाही, जोडणी-दुरुस्तीच्या विभागात येते, याचा लाभ अवश्य घ्यावा.

प्रत्येक काम झाल्यावर ते तपासूनच पुढे जावे. बीजीपीचे मार्ग ईआयजीआरपीमध्ये रिडिस्ट्रिब्यूट करताना (मार्ग कळवण्याच्या एका पद्धतीतून दुसरीत नेताना) मेट्रिक, म्हणजे मार्गाची किंमत, द्यायची राहिली, तर राउटर चूक झाल्याची सूचना देत नाही आणि मार्गही पुढे जात नाहीत. ती चूक दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात वीज जाते, त्यामुळे मी लॅबच्या संगणकाला यूपीएस लावून घेतला होता. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कूलरसमोर बसूनही चार तास सलग मन लागत नाही. शक्यतो हिवाळ्यातली तारीख घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ती जुनी लॅब उघडून पाहिली. एका टोकाला खरोखरच पॉइंट-टू-पॉइंट होते, आणि डेटाबेसमध्ये ‘नॉट रीचेबल’ची ओळही होती, पाऊण तास ती माझ्यासमोरच होती. दोन्ही टोके सारखी करताच मार्ग आले. वर्कबुक बाजूला ठेवले आहे. पाळीतल्या एका मित्राने येत्या रविवारी सकाळी घरी येऊन बिघाड घालण्याचे कबूल केले आहे. त्याला एमपीएलएस (लेबल लावून डेटा पुढे पाठवण्याची पद्धत) फारसे येत नाही. दादा, आपल्याला सवड असल्यास त्या भागातले बिघाड आपण सुचवाल का? सुचवल्यास मला न कळवता थेट त्यालाच कळवावेत, ही विनंती.