पट्टा होता, पण कोणता?
"कुत्र्याला पट्टा लावलेला होता, मग फिरवणाऱ्याचा काय दोष? सायकलवाल्यानेच वेग आवरायचा" हे कुत्र्याच्या पट्ट्यात सायकल अडकण्याच्या अपघाताबद्दल वर लिहिलेलं पटलं नाही. वेगाबद्दलचं मान्य. पहाटे चालणाऱ्यांच्या मधून सुसाट जाणारे सायकलवाल्यांचे ग्रुप मीही बघतो आणि ते चूकच आहे. पण पट्टा कोणता होता, हे कुणी विचारलंच नाही. आपोआप गुंडाळला जाणारा, पाच मीटरपर्यंत सुटणारा पट्टा पुण्यात पाषाण रोडला सायकलवरून जाणाऱ्या माझ्या भावाला भोवला. माणूस फुटपाथवर मोबाईल बघत उभा, कुत्रा दुभाजकापाशी हुंगतोय आणि मध्ये बुटाच्या नाडीएवढी काळी दोरी. पहाटेच्या अंधुक उजेडात ती दिसणार कशी? पुढचं चाक अडकलं, भाऊ खांद्यावर आपटला, कॉलरबोन मोडलं. कुत्र्यालाही जबर हिसका बसला, त्या मुक्या जिवाचा काय गुन्हा!

आणि "कुत्रा मालकाचा, मी फक्त फिरवतो" हेही चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं 289) मालकीबद्दल नाही, ताब्याबद्दल बोलतं: ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घ्यायला हवी. निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच. रस्त्यालगत फिरवताना तो पट्टा हातभर लांबीवर लॉक करा, बटण त्यासाठीच दिलेलं असतं.