अनुभव धागा: आई-बाबांचा मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेत. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, थेट विमानाने १५-१६ तास. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे. थेट जावं की मध्ये उतरावं? जे गेलात किंवा ज्यांनी आई-वडिलांना पाठवलंत, त्यांनी सविस्तर लिहा.

एडिसनहून (न्यू जर्सी)
आधी तिकिटावरच्या वेळा नीट समजावून सांगा. रात्री २ ला निघून सकाळी साडेसातला पोचणार, असं वाचून माझ्या सासऱ्यांनी साडेपाच तासांच्या हिशेबाने गोळ्यांची एकच पट्टी खिशात ठेवली होती, बाकीचा डबा मोठ्या बॅगेत! निघायच्या आदल्या रात्री फोनवर कळलं म्हणून बरं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. गोळ्या-इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, आणि सगळं औषध हातातल्या बॅगेत.

पुण्याहून
मध्ये उतरलं की प्रवास अर्धा-अर्धा होतो, असं सगळे सांगतात. दुबईमार्गे तसं होत नाही. मुंबई-दुबई तीन-सव्वातीन तास, आणि पुढे पुन्हा चौदा तास बसायचंच! खरोखर निम्मा करायचा तर फ्रँकफर्टसारखं ठिकाण बघा, दोन्हीकडे साधारण नऊ-नऊ तास. ट्रान्झिट व्हिसा (मध्ये विमान बदलण्यासाठीचा व्हिसा) लागतो का ते मात्र आधी तपासा. माझं स्पष्ट मत: भाषेची अडचण असेल तर थेटच पाठवा. परक्या विमानतळावर गेट शोधण्याचा ताण गुडघेदुखीपेक्षा वाईट.

ठाण्याहून
मी भूगोल शिकवते. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशियावरून चढत स्कँडिनेव्हियाकडे जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडून कॅनडात उतरतो. सगळ्यात जवळचा रस्ता हाच, पण विमानाला तो मिळेलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. येताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा मिळतो.

बे एरियातून (कॅलिफोर्निया)
व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. शाकाहारी जेवणही तेव्हाच. कडेची सीट घ्या, तास-दीड तासाने उठून चालायला सांगा.

सांगलीहून
आमच्यासाठी प्रवास मुंबईत सुरू होत नाही हो. रात्रभराची बस, मग विमानतळावर तीन-चार तास आधी हजेरी, म्हणजे विमानात बसेपर्यंतच माणूस थकलेला. पहिल्या खेपेला आईचे पाय बसमध्येच सुजले. आता आम्ही दोन दिवस आधी डोंबिवलीला मावशीकडे जातो. आई तिथे दुपारची झोप काढते आणि रात्री ताजी होऊन निघते.