शब्दचर्चा: ‘डिस्टॉर्शन’ म्हणजे विकृती, फाटका की भरड?

सूरसागरकाठी
लेक अकरावीत आहे, वर्षभर इलेक्ट्रिक गिटार वाजवतेय. आता तिला डिस्टॉर्शन पेडल हवंय, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. बजेट साडेतीन हजार, फारच ताणलं तर चार. आईने विचारलं, हे काय असतं रे? मी कोश उघडला आणि फसलो: विकृती, विपर्यास, विद्रूपीकरण. आई म्हणाली, "चार हजार देऊन विकृती घरात आणायची?"

इथे बडोद्यात दुकानात गेलो तर वेगळाच घोळ. एका डबीवर ओव्हरड्राइव्ह, दुसरीवर डिस्टॉर्शन, तिसरीवर फझ, चौथीवर नुसतं मेटल. फरक विचारला तर दुकानदार म्हणे, "अवाज फाटे, बीजुं शुं!"

मला शब्दही हवाय आणि पेडलही. नेमका शब्द सापडला तर पेडल आपोआप सापडेल, अशी भाबडी आशा आहे.

निवृत्त मास्तर
‘विकृती’ घेऊ नका, ती जागा भरलेली आहे. भौतिकशास्त्रात प्रतिबल आणि विकृती ही जोडी आम्ही वर्षानुवर्षं शिकवली; तिथे तिचा अर्थ ताणाने पदार्थाच्या मापात झालेला बदल. ध्वनीच्या डिस्टॉर्शनला पाठ्यपुस्तकी शब्द ‘विरूपण’. बरोबर आहे, पण तो घेऊन दुकानात जाल तर दुकानदार तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल.

आपल्याच शहरात सयाजीरावांनी ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ करवून घेतला. १९३१ साली निघाला, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी. त्यात गिटार कुठून असणार, पण बडोद्यात बसून शब्दासाठी अडून राहायचं म्हणजे जरा लाजच वाटते.

खर्जातला षड्ज
मास्तर, संगीतात तर ‘विकृत’ ही शिवी नाहीच. कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म हे पाच विकृत स्वर, पहिल्या वर्षाच्या परीक्षेत विचारतात. उद्या कुणी म्हणालं "या गिटारमध्ये विकृती घाल", तर मी तीव्र मध्यम लावून बसेन.

काळी चार
मी बँडमध्ये वाजवतो, त्यामुळे शब्दांचं मला फार कळत नाही. पण तंबोऱ्याची जवारी आहे की! तिथेही आवाज मुद्दाम झणझणीत करतात. डिस्टॉर्शनला ‘जवारी’ का नको?

खर्जातला षड्ज
नको रे बाबा. गोड वाटतं, पण चूक आहे. जवारी ही तार आणि घोडी यांच्यातली गोष्ट. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, हलणारी तार त्याला चाटत जाते, आणि खाली सूत असतं ते केसभर सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम उघडतो, वरचे सगळे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरातच दडलेले स्वर, ऐकू यायला लागतात. केसभर पुढे गेलं की पुन्हा मिटतो. माझ्या बाबांना एकेका तारेला पंधरा-वीस मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ घरात भांडं वाजवायची सोय नव्हती.

मुद्दा असा की प्रत्येक तारेची जवारी तिची तिची. चारही तारा एकत्र छेडल्या तरी एकीचं दुसरीत मिसळून काही तिसरं तयार होत नाही. तुमच्या डबीत तसं होतं का?

सोल्डरिंगवाला
नाही होत, ताई. फरक नेमका तिथेच आहे.

गिटारकडून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजावा इतका बारका. पेडल आधी त्याला कितीतरी पटींनी मोठा करतो आणि मग डायोडच्या जोडीसमोर उभा करतो. साधा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास उघडतो, म्हणजे वीज जाऊ देतो. लाटेचा जो भाग त्याच्या वर जाईल तो सपाट. डोंगराचं शिखर कापून पठार केल्यासारखं. याला क्लिपिंग म्हणतात, मी म्हणूनच ‘छाटणी’ म्हणतो, हाताखालच्या पोरांना लगेच कळतं.

आता छाटणी एकत्र झालेल्या लाटेची होते, एकेका तारेची नाही. त्यामुळे दोन स्वर दिले की त्यांची बेरीज-वजाबाकीही बाहेर पडते. २०० आणि ३०० हर्ट्झ द्या, म्हणजे सा आणि प. वजाबाकी १००, तो खालचा सा. बेरीज ५००, तो वरचा ग. सगळं घरातलंच, म्हणून आवाज भरदार होतो. पण सा-ग-प असा पूर्ण कॉर्ड द्या, बेरीज-वजाबाक्यांची इतकी गर्दी होते की गिचमिड. मेटल, म्हणजे जोरकस रॉक, वाजवणारे सा-प, सा-प का धरून बसतात ते यावरून कळेल.

खर्जातला षड्ज
म्हणजे पंचमाचा तंबोराच मिळवायचा की! बरं, आता ऐकेन एकदा. पण जवारी म्हणू देणार नाही.

सूरसागरकाठी
मग ‘फाटलेला’ काय वाईट? दुकानदार तेच म्हणतो, नवरात्रात साऊंडवालेही तेच म्हणतात.

सोल्डरिंगवाला
साऊंडवाला मीच आहे, म्हणून सांगतो. गरब्यात आवाज फाटला म्हणजे माझी चूक. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त दिलं, त्याने माथे छाटले. तत्त्व तेच, पण तिथे गायिका, ढोल, कीबोर्ड सगळे एकाच कात्रीत सापडतात. लोक माझ्याकडे वळून बघतात. ‘फाटणे’ हा तक्रारीचा शब्द आहे, पैसे देऊन घ्यायच्या वस्तूला तो कसा द्यायचा? मी स्वतः ‘खरखर’ही म्हणत नाही, कारण खरखर म्हणजे सैल जॅक नाहीतर धूळ बसलेलं बटण. ती दुरुस्त करायची असते.

बारा भाज्या
मी गिटारवाली नाही, रोज वाचते फक्त. तुम्ही सगळे ज्याच्याभोवती फिरताय तो शब्द गिरणीत आहे. भरड. पीठ बिघडलं म्हणून भरड होत नाही, आपण सांगून भरड काढतो. आमचा घंटीवाला, म्हणजे गिरणीवाला, ‘करकरो’ म्हणतो. चुरम्याच्या लाडूंना करकरोच लागतो, बारीक दिलं तर लाडू चिकट होतात. भरड ही मुद्दाम मागितलेली जाड दळणी. तुमचा आवाजही तसाच मागून घेतलेला ना?

सोल्डरिंगवाला
वहिनी, नमस्कार घ्या.

काळी चार
हे भारी आहे! आणि दळणीत पायऱ्याही असतात, आम्हाला नेमक्या तेवढ्याच लागतात.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे *जाडसर*. हळू छेडलं तर जवळजवळ स्वच्छ, जोरात मारलं तर दाणा लागतो. इबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर या जातीचा. त्यात छाटणी गोलसर कडेची असते. डिस्टॉर्शन म्हणजे *भरड*. कसंही वाजवा, दाणा राहतोच. बॉसचा नारिंगी डीएस-१, १९७८ पासून चालू आहे, किंवा प्रोकोचा रॅट. फझ सगळ्यात जुना, मायस्ट्रोची डबी १९६२ची. त्यात लाट इतकी छाटली जाते की चौकोनी व्हायला येते. तिथे मात्र दळणी संपली. तो आवाज मधमाश्यांसारखा *घोंगावतो*.

काका, तुमच्या लेकीला विचारा: जाडसर की भरड? अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. मेटल लिहिलेली डबी पहिली म्हणून घेऊ नका. घरी एकट्याने वाजवताना जबरदस्त वाटते, बँडमध्ये ड्रम सुरू झाले की हरवते. हे माझं मत, पण चार वर्षं आणि एक वाया गेलेली डबी खर्चून झालेलं.

निवृत्त मास्तर
आणि बटणांची नावं? मी चित्रं पाहिली. कुठे डिस्ट, कुठे ड्राइव्ह, कुठे गेन, बिग मफ नावाच्या पेडलवर तर सस्टेन. काम एकच दिसतंय.

काळी चार
हो सर, ढोबळमानाने तेच. किती भरड, ते बटण. रॅटवर टोनच्या जागी फिल्टर आहे आणि तो उलटा चालतो: उजवीकडे फिरवलं की तीक्ष्णपणा कमी. डीएस-१चा टोन अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज चावतो. नवशिके तो पूर्ण फिरवतात आणि मग पेडललाच शिव्या देतात.

सूरसागरकाठी
लेक म्हणते भरड. (शब्द ऐकून हसली, पण आजीला पटला.) डीएस-१ नवा बजेटात बसत नाही. वापरलेला घ्यावा का?

सोल्डरिंगवाला
घ्या. पत्र्याची डबी आहे, सहजी मरत नाही. बेहरिंगरच्या प्लास्टिकच्या डब्या आणखी स्वस्त आणि आवाजाला वाईट नाहीत, फक्त त्यावर पाय आपटू नये. पण त्याआधी घरातल्या अँपवर (ॲम्प्लिफायरवर) गेन किंवा ओव्हरड्राइव्हचं बटण आहे का बघा. छोट्या सरावाच्या अँपवर बऱ्याचदा असतं. असेल तर महिनाभर तेच वाजवू दे, चार हजार कुठे पळून जात नाहीत.

दुकानात तिची स्वतःची गिटार घेऊन जा. बटणं हळू फिरवा, फिरवताना खरखर आली तर घासाघीस करा. पायाचं बटण दहा-बारा वेळा दाबा. आणि ॲडाप्टर! नऊ व्होल्टचा, पण या डब्यांना आतली पिन निगेटिव्ह लागते. मी कॉलेजात असताना राउटरचा लावला होता. आकार बरोबर, व्होल्ट बरोबर, फक्त पिन उलटी. आधी वास आला, मग आईने खिडकी उघडली. बॅटरीवर चालवणार असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवा. जॅक आत असला की पेडल चालूच राहतो आणि सकाळी बॅटरी मेलेली.

बारा भाज्या
आता माझी शंका. सूरसागरवाले ‘ते पेडल’ म्हणतात, सोल्डरिंगवाले ‘तो पेडल’. सायकलचं ‘ते’ आहे ना?

सोल्डरिंगवाला
आम्ही स्टेजवर ‘तो’ म्हणतो. हिंदी ऐकून ऐकून झालं असेल.

खर्जातला षड्ज
तंबोरा तो, सतार ती, गिटार कुणी तो म्हणतं कुणी ती. पेडलचं मात्र ‘ते’च बरं.

सूरसागरकाठी
अँप तपासला, गेनचं बटण नाही. रावपुऱ्यात एकाकडे वापरलेला डीएस-१ यायचा होता, आत्ताच त्याचा निरोप आलाय: "पेडल आवी गयुं छे." गयुं, म्हणजे नपुंसकलिंग. लेक गिटार पाठीला लावून दारात उभी आहे, निघतो.